न सांगता कळणारी ओळख

माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्यात एखाद्या दुकानातला संगणक इंटरनेटला जोडला, की तो विंडोजवर चालतो की लिनक्सवर, याचा अंदाज दूरवरूनही बांधता येतो.

त्याची पहिली खूण म्हणजे टीटीएल हा आकडा. माहितीचं प्रत्येक पॅकेट तो सोबत नेतं. विंडोज सहसा 128 पासून सुरुवात करतं, लिनक्स 64 पासून. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. पलीकडे 117 पोचले, तर निघताना बहुधा 128 असणार! गॉर्डन लायन यांनी 1997 मध्ये आणलेलं एनमॅप हे नेटवर्क तपासणारं साधन पुढच्याच वर्षी अशा खुणा जुळवू लागलं.

ही ओळख बदलता येते. लिनक्सवर एका आदेशाने टीटीएल 128 होतो. पण टीसीपी या जोडणीच्या नियमावलीतल्या पर्यायांचा पॅकेटमधला क्रम तसाच राहतो, त्यामुळे जाणकार फसत नाही. नील्स प्रोव्होस यांचं हनीडी हे सॉफ्टवेअर अशा वेषांतरात खरं कसबी: एनमॅपच्याच नोंदी वापरून ते खोटी यंत्रं उभी करतं आणि हल्लेखोराचा वेळ तिथे खर्ची पडतो.

गावातल्या पतसंस्थांनी, दवाखान्यांनी मात्र आधी संगणक अद्ययावत करावेत. विंडोज 10 चा नियमित सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, आणि टीटीएल बदलल्याने जुन्या प्रणालीतली भोकं बुजत नाहीत.