वडिलांचे रिव्हॉल्व्हर

(खंडेनवमीच्या संध्याकाळी राजाजीनगर येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात साहित्य-संगीत सोडून आम्ही एका बिघडलेल्या हत्याराविषयी बोलणार, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आम्ही बी.ए. झालेले, केंद्र सरकारच्या सेवेत कागदांवर आयुष्य घालविलेले. पण आज खंडेनवमी. इथल्या औद्योगिक वसाहतीत सकाळपासून लेथांना झेंडूच्या माळा चढल्या आहेत, दारोदार कोहळे फुटले आहेत. आपल्या घरी पाटावर विळी, कात्री, मुलांची पुस्तके मांडली आहेत. आमच्या पाटावर पूर्वी आणखी एक वस्तू असे.

वडिलांनी खानापुरास असताना परवान्यावर घेतलेले ते बत्तीस बोअरचे विलायती रिव्हॉल्व्हर. त्यांच्या पश्चात ते रीतसर जमा केले, वारस म्हणून अर्ज केला आणि यथावकाश (हा शब्द आमच्या खात्याचा फार लाडका) परवाना आमच्या नावे झाला. त्यानंतर ते कपाटातच असे. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा व्हायचे आणि खंडेनवमीला पाटावर यायचे.

काही वर्षांपूर्वी पूजेत शोभा म्हणून आम्ही त्याचा घोडा मागे ओढून ठेविला. हत्यार रिकामे होते. सौभाग्यवतींनी फूल वाहिले, पाट किंचित हलला, आणि चापाला कोणाचा स्पर्श नसताना घोडा खाडकन पडला. समोर पुतण्याची चार वर्षांची मुलगी बसली होती. नळीचे तोंड तिच्याकडे होते.

पुष्कळ लोक चापालाच घोडा म्हणतात. बोटाने ओढतो तो चाप. काडतुसाच्या बुडावर आघात घडवितो तो घोडा. मागे ओढलेला घोडा एका बारीक खाचेवर अडून राहतो. खाचेची धार झिजली की नुसत्या धक्क्यानेही तो सुटतो. जुन्या बनावटीत दुसराही धोका असतो. घोडा खाली टेकलेला असताना हत्यार पडले आणि मार घोड्यावर बसला, तरी गोळी उडू शकते. म्हणून १८७३ च्या कोल्टचे जाणते मालक सहांतले एक घर रिकामे ठेवून घोडा त्यावर टेकवीत. पुढे घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये पोलादी अडसर आला. पण तोही फसतो. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनचे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडले, गोळी सुटली आणि खलाशी प्राणास मुकला. त्यानंतर कंपनीने नवा अडसर बसविला. रुगर कंपनीने १९७३ मध्ये रचनाच बदलली आणि १९८२ पासून आपली जुनी हत्यारे फुकट सुधारून देण्याची सोय केली.

हे परदेशातले झाले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. ती बातमी वाचताना आम्हांस आमचा पाट आठवला.

त्या खंडेनवमीनंतर दोनच दिवसांनी आम्ही एक अविचार केला. आमच्या एका कोल्हापूरकर स्नेह्यांचे याच वसाहतीत दोन लेथ आहेत. त्यांच्या टेबलावर आम्ही ते हत्यार ठेविले. ते म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी काय वाटेल ते करीन, पण ह्याला कानस लावणार नाही. ह्या खाचेला वरून कडकपणा दिलेला असतो, कागदाएवढा थर. कानस फिरवली की तो गेला. वर्षभर झकास चालेल, मग आतले मऊ लोखंड झिजेल. आणि तेव्हा ते भरलेले असेल." शस्त्र अधिनियम, १९५९ त्यांना ठाऊक नव्हता, आम्हांस ठाऊक असावयास हवा होता. त्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर त्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. मैत्रीखातर आम्ही त्या गृहस्थाला तुरुंगाच्या दाराशी नेत होतो.

अखेर परवानाधारक कारागिराकडे गेलो. त्याने भिंगाखाली खाच दाखविली. धार गोल झाली होती, आणि तिच्यावर आडव्या रेघा होत्या. "ह्याला पूर्वी कोणीतरी कानस लावली आहे," तो म्हणाला.

आम्हांस एकदम आठवले. चाप फार जड आहे, ही वडिलांची नेहमीची तक्रार. आम्ही शाळेत असताना एकदा ते बेळगावाहून आले आणि चाप आता लोण्यासारखा झाला, असे कौतुकाने सांगू लागले. त्यानंतर कितीतरी वर्षे ते भरलेले रिव्हॉल्व्हर त्यांच्या उशाखाली होते, आणि आम्ही चौघे भावंडे त्याच खोलीत ओळीने झोपत असू.

मूळ सुटा भाग आता मिळत नाही. नवा घडवून, कडक करून बसविण्याची कारागिराची तयारी होती. हमी मात्र तो देईना. आम्ही परवान्यासह ते हत्यार सरकारजमा केले. पोचपावती कपाटात, त्याच खणात आहे.

आई बेळगावी असते. दर खंडेनवमीला फोनवर विचारते, "ह्यांच्या हत्याराला फूल वाहिलेस ना रे?" आम्ही हो म्हणतो. आज सकाळीही म्हणालो. पण हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे चिटणीसांनी ठरविले आहे, आणि तिचा अंक आम्ही आधीच सांगून ठेविला आहे.