पहिले घर पाहताना
(मंडळाच्या देऊळगाव राजा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कायदेपंडित नाही, की बांधकामातला जाणकारही नाही. आमच्या तीन पिढ्या याच गावात भाड्याच्या घरांत गेल्या. स्वतःचे घर घेण्याचा योग प्रथम माझ्या वाट्याला आला. त्या वेळी जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. ‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील सांगत आले. आता पुष्कळजण तयार घर घेतात. यास्तव त्या म्हणीतला ‘पाहावे’ हा शब्दच आपण अधिक मनावर घेतला पाहिजे.

श्रीबालाजी महाराजांच्या यात्रेचे दिवस होते. गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत नमुन्याचे घर सर्वांना पाहण्यास खुले ठेवले होते. दारी मांडव, आत चहा-पोहे, हाती रंगीत पत्रके. मातोश्रींच्या पाटल्या मोडून उभ्या केलेल्या इसाराचा धनादेश माझ्या खिशात होता. गुळगुळीत फरशी आणि स्वयंपाकाचा ओटा पाहून आम्ही पतिपत्नी भारून गेलो. मातोश्री मात्र परसात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बापू, पावसाळ्यात हे पाणी कुठं जाते?”

त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल, तर भिंती तडकल्यावाचून राहत नाहीत. पाया किती खोल आहे, नळ किती दिवसांनी येतो, सांडपाण्याला वाट कोणती, हे विचारल्याखेरीज नमुन्याचे घर पाहणे म्हणजे नुसते लग्नाचा मांडव पाहून सोयरीक ठरविण्यासारखे आहे.

मग मी कागद मागितले. तेथील गृहस्थ आपल्याच ज्ञातीचे. ते हसून म्हणाले, “आपल्या माणसात कागद कशाला?” मलाही क्षणभर संकोच वाटला. पण सातबारा पाहिला, तेव्हा जमीन शेतीचीच निघाली. अकृषिक परवानगी नव्हती, रेखांकनाला मंजुरी नव्हती. खरेदीऐवजी मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारून देऊ, असे ते म्हणाले. बंधूंनो, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. आम्ही चहाचे आभार मानून परत फिरलो.

मोठ्या प्रकल्पांसाठी 2016 चा स्थावर संपदा कायदा आहे. तो ग्राहकाच्या फार उपयोगाचा आहे. नमुन्याच्या घरावर विसंबून कोणी पैसे दिले आणि ती माहिती खोटी ठरून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. नोंदणीकृत करारनामा झाल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष निघाल्यास तो बांधणाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे की नाही, हे घरबसल्या पाहता येते.

पुढे गावातच एक जुने घर विक्रीस निघाले. मालक दिवंगत झालेले. आखीव पत्रिकेवर दोघा मुलांची नावे. कागद स्वच्छ दिसत होता. ओसरीवर बसल्या बसल्या मातोश्री म्हणाल्या, “या घरची लेक जालन्याला दिली आहे ना? तिची सही कुठं आहे?” बंधू म्हणाले, “तिने हक्क केव्हाच सोडला.” परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेच नव्हते.

वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने दिला. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मतः हक्क आला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. सबब भगिनीच्या सहीवाचून व्यवहार करणार नाही, असे मी कळविले. चार महिने बोलणे थांबले. ‘हा ज्ञातीत राहून ज्ञातीवर अविश्वास दाखवतो,’ असा बोलही मला लागला. अखेर ती भगिनी आली. तिने सही केली, आपला वाटाही घेतला, आणि मातोश्रींना एवढेच म्हणाली, “काकू, मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.” थोरल्या बंधूंचा राग अद्याप पुरता निवळलेला नाही, हेही येथे प्रांजळपणे सांगतो.

आमचे खरेदीखत पत्नीच्या नावे झाले. खरेदी केवळ स्त्रियांच्या नावे असल्यास निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आपल्या राज्यात 2021 पासून मिळते. तथापि सवलत हे दुय्यम कारण होय. ज्या घरासाठी पाटल्या मोडल्या, त्या घराच्या कागदावर घरातील स्त्रीचे नाव असावे, हे मला न्यायाचे वाटले.

बंधुभगिनींनो, आपली ज्ञाती लहान; कोणाची लेक कोठे दिली, कोणाचे भाऊ किती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. कागदावर जे नाव नव्हते, ते मातोश्रींना या परिचयामुळेच ठाऊक होते. आणि ‘कागद कशाला’ असे म्हणणाऱ्यानेही याच परिचयाचा आधार घेतला होता. परिचय दोन्हींकडे सारखाच. एकाने त्याचा उपयोग प्रश्न मिटवण्यास केला, दुसरीने प्रश्न विचारण्यास केला. आपल्या मंडळाने दुसरी रीत धरावी.

यास्तव माझी एकच विनंती आहे. घर पाहण्यास जाताना घरातील वडील स्त्रीस बरोबर न्या. घर एकदा उन्हात आणि एकदा पावसात पाहा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. आणि कागद मागणाऱ्या ज्ञातिबांधवाचा राग धरू नका. इसार देण्यापूर्वी विचारलेला प्रश्न दोन्ही घरांचे कल्याण करतो.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.