अठ्ठाविसावा फलंदाज

बेसबॉलमध्ये पिचरने प्रतिस्पर्धी संघाचे 27 फलंदाज ओळीने बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिलं नाही, तर त्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2010 च्या मेअखेरपर्यंत असे अवघे 20 सामने झाले होते.

2 जून 2010 ला डेट्रॉइटच्या मैदानावर यजमान संघाचा पिचर आर्मांदो गालारागाने क्लीव्हलँडचे 26 जण ओळीने बाद केले होते. सत्ताविसाव्या जेसन डोनाल्डने जमिनीलगत मारलेला चेंडू सहकारी मिगेल काब्रेराने अडवला आणि पहिल्या बेसकडे धावलेल्या गालारागाकडे फेकला. चेंडू हातात आला, पाय बेसवर पडला, डोनाल्ड अजून पाऊलभर मागे, म्हणजे बाद. पण पंच जिम जॉयस यांनी हात पसरले: सेफ!

गालारागा नुसता हसला आणि पुन्हा चेंडू टाकायला गेला. अठ्ठाविसावा फलंदाज बाद झाला, सामनाही जिंकला. नंतर चित्रण पाहून जॉयस हादरले. त्यांनी गालारागाची भेट घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी गालारागाने संघाची यादी त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत.

या दिलदारीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण पंचाची चूक हा खेळाचाच भाग, असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. घरोघरी लोकांना टीव्हीवर जे दिसलं, ते निर्णय देणाऱ्या एकट्या माणसाला पाहण्याची मुभा नव्हती! 2008 पासून बेसबॉलमध्ये चित्रफीत तपासली जात होती, पण फक्त होमरनसाठी. क्रिकेटमध्ये तर 1992 च्या डर्बन कसोटीतच आपला सचिन तेंडुलकर टीव्ही पाहून धावबाद दिला गेला होता.

बेसबॉलने ती वाट रुंद केली 2014 मध्ये. आता व्यवस्थापक दाद मागतो, न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच चित्रण तपासतात आणि मैदानावरच्या पंचांना हेडफोनवरून निर्णय कळतो. वेळ जातो, हे खरं. जाऊ द्या. जॉयस यांच्यासारख्या प्रामाणिक पंचाला त्यामुळे जन्मभराचा सल लागत नाही.

बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बड सीलिग यांनी जॉयस यांचा तो निर्णय फिरवला नाही. फिरवला असता तरी सामन्याचा निकाल तोच राहिला असता. नोंदीत डोनाल्डच्या नावावरचा तो एक हिट आजही आहे. तो काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.