गुजरी बाजाराचा नकाशा

अहमदाबाद शहरातून साबरमती नदी वाहते. तिच्या काठी, एलिस पुलाजवळ, दर रविवारी गुजरी बाजार भरतो. आपल्या आठवडी बाजारासारखाच. जुनी भांडी, अवजारं, खाटा, पुस्तकं, कोंबड्या, सगळं तिथं मिळतं. हजाराहून जास्त विक्रेते बसतात. त्यांत बायाही पुष्कळ. त्या एका दिवसाच्या विक्रीवर कित्येकांची चूल पेटते.

2005 साली नदीचे दोन्ही काठ बांधून तिथं बागा, रस्ते करायचं काम सुरू झालं. त्या कामात बाजाराची जागा जाणार, असं विक्रेत्यांना कळलं. नकाशा आखताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग ते एक झाले. 2010 साली उच्च न्यायालयात गेले. पण नुसती तक्रार करून थांबले नाहीत. शहरातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांतल्या जाणत्या माणसांची मदत घेतली आणि आपल्या बाजाराचा नकाशा आपणच तयार केला. कोण कुठं बसतं, माल कुठं उतरतो, सावली कुठं हवी, हे बाजारात बसणाऱ्यालाच ठाऊक. इंजिनिअरसाहेब कितीही शिकलेले असोत, ते काही रविवारी तिथं कोंबड्या विकत नाहीत!

अखेर तडजोड झाली. बाजार नदीकाठीच राहिला. 2014 साली नव्या बाजारात बसायला ओटे मिळाले.

काठावरच्या झोपडीवाल्यांचं मात्र असं झालं नाही. तेही न्यायालयात गेले होते. त्यांतल्या हजारो कुटुंबांना घरं मिळाली, पण पुष्कळांना ती शहराच्या टोकाला मिळाली. पूर्वी कामाला पायी जाणाऱ्यांना बसचं भाडं मोजावं लागलं.