विस्मृतीशी झुंज आणि आपले विज्ञान

(नांदगाव येथे पक्षाचे कार्यकर्ते व विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. घरातील वृद्ध माणूस नातवाचे नाव विसरला, जेवण झाल्यावरही ‘मला वाढलेच नाही’ म्हणू लागला, की ही म्हण उच्चारून आपण मोकळे होतो. पण ही म्हण खरी नाही. बुद्धी केवळ वयाने जात नाही. ती हरवते तेव्हा बहुधा त्यामागे आजार असतो. आणि जे दैव नसून आजार आहे, त्याचा शोध घेणे हे माणसाचे कर्तव्य ठरते.

१९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ऑगस्टे डेटर या स्त्रीच्या मेंदूची तपासणी करून पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता जगापुढे मांडला. ही स्त्री रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. पुढे हे थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि तो गुंता टाऊ या प्रथिनाचा असल्याचे कळले. मात्र या दोहोंपैकी मूळ कारण कोणते, यावर आजही पूर्ण एकमत नाही.

आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न असेल की, ज्या नांदगाव तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या श्रीमंतांच्या आजाराची चर्चा कशाला? हा आजार श्रीमंतांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. अपुरे शिक्षण, बहिरेपणा, दृष्टी अधू होणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दूषित हवा, एकाकीपण ही त्यांतील काही. या सर्वांचा बंदोबस्त झाला, तर जगातील सुमारे ४५ टक्के रोग टळू शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

ही यादी आपण राजकीय कार्यकर्त्याच्या नजरेने वाचावी. जिची शाळा चौथीत सुटली ती शेतमजूर स्त्री, यंत्रांच्या कर्कश आवाजात आयुष्य काढून बहिरा झालेला कारखान्यातील कामगार, चुलीच्या धुरात बसलेली माउली आणि मुले पोटासाठी परगावी गेल्याने एकटे उरलेले म्हातारे, या सर्वांची वर्णी या यादीत लागते.

दुसरी बाजू औषधाची. २०२३ साली अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत दीड वर्षाच्या काळात रोगाची वाटचाल सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. रोग थांबला मात्र नाही. त्याची तेथील किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २२ लाख रुपये! विज्ञान बाजाराच्या हाती राहिले की त्याचे फळ कोणाच्या ताटात पडते, हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे विज्ञानाचे दार बंद झाले असे समजू नका. या लढ्यात रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, संख्याशास्त्र या सर्वांना काम आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊवर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अमायलॉइडवर संशोधन झाले आहे. बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्याच्या खेड्यांत हजारो ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे काम हाती घेतले आहे. आपल्या दुष्काळी तालुक्यांत असे काम का होऊ नये?

आणि विज्ञानात जाल तर ताठ मानेने जा. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये तेव्हा संशोधन करणारे संजय पिंपळीकर यांनी २००९ साली ‘अमायलॉइड हेच मूळ कारण’ या प्रस्थापित मताची फेरतपासणी मागितली. लक्षणे दिसण्यापूर्वीच चाचण्यांवरून निदान करण्याच्या घाईविरुद्ध २०१० साली त्यांनी वृत्तपत्रातून इशारा दिला. त्यांचे सर्व म्हणणे बरोबर ठरले असे नव्हे. अमायलॉइड हटविणाऱ्या औषधांचा थोडा उपयोग पुढे दिसला. परंतु अशा शंकेवाचून शास्त्र पुढे सरकत नाही. २००६ साली गाजलेला याच विषयावरील एक शोधनिबंध, चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ साली मागे घ्यावा लागला. तोवर किती जणांचे श्रम त्या वाटेने गेले असतील, याचा विचार करा.

पण नुसत्या जिद्दीवर प्रयोगशाळा चालत नाही. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ साली हे प्रमाण ०.६४ टक्के होते. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ साली आपल्या हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे शेतमजुराच्या मुलीने कशाच्या आधारावर काढावीत?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पाणी आणि हमीभाव यांच्या मागण्यांबरोबर आणखी चार मागण्या आपल्या पत्रकात याव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेत चालती प्रयोगशाळा हवी. अधिछात्रवृत्ती दरमहा, ठरल्या तारखेला मिळाली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांची स्मृती, कान, डोळे आणि रक्तदाब यांची तपासणी झाली पाहिजे. सरकारी पैशातून लागलेल्या औषधाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात राहिली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत यांतील निदान आरोग्य केंद्राचा ठराव तरी मांडा, आणि गावातील जी मुलगी संशोधनाची वाट धरू पाहते, तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांशी बोला.