जुन्या खेळांतील नवा उजेड

संगणकावरील खेळ हा विषय घेऊन माझ्यासारख्या साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या शाळामास्तरानें ध्वनिक्षेपकापुढें बसावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. मला स्वतःलाही तें वाटतें. परंतु ज्या विषयानें एका निवृत्त शिक्षकाला त्याची जुनी चूक दाखवून दिली, तो पोरकट म्हणून सोडून देणें बरें नव्हे. म्हणून जुन्या खेळांत नव्यानें घालण्यांत येणाऱ्या उजेडाविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

माझा नातू अभियांत्रिकीच्या वर्गांत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यानें मला 'क्वेक २' हा खेळ दाखविला. अमेरिकेंतील आयडी सॉफ्टवेअर या मंडळीनें तो १९९७ सालीं काढला. म्हणजे नातवाच्या जन्मापूर्वींचा हा खेळ. त्यांतील मारामारींत मला गोडी नव्हती. परंतु त्यानें यादींतील एक पर्याय बदलला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि तेंच दालन निराळें दिसूं लागलें. पाण्यांत छताचें प्रतिबिंब उमटलें, सावल्यांच्या कडा कोठें तीक्ष्ण तर कोठें मऊ झाल्या, दूरच्या कोपऱ्यांत मंद उजेड पसरला. मीं विचारलें, "अरे, हें दुसरेंच घर आहे काय?" तो म्हणाला, "नाहीं, आजोबा. बांधणी तीच आहे. भिंतींवरचीं चित्रें थोडीं सुधारलीं आहेत. पण खरा फरक उजेडाचा आहे."

प्रथम जुना उजेड कसा होता तें पाहूं. त्या काळच्या घरगुती संगणकाला खेळ चालू असतांना प्रकाशाचा सगळा हिशेब करणें झेपत नसे. म्हणून खेळ रचणारे लोक तो हिशेब आगाऊच करून ठेवीत. कोणत्या भिंतीवर कोठें किती उजेड, याचा एक विरळ नकाशा करून तो भिंतीच्या चित्रावर चढवीत. चित्राच्या दर १६ ठिपक्यांमागें उजेडाचा एक ठिपका, इतका तो विरळ असे. हा उजेड अगदींच खोटा होता असें नाहीं. 'क्वेक २' मध्यें भिंतीवरून परतणारा प्रकाशही हिशेबांत धरलेला होता. पण तो बहुतेक गोठलेला होता. दार उघडलें म्हणून बाहेरचें ऊन आंत येत नसे. कोणी दिव्यापुढून गेलें म्हणून त्याची सावली भिंतीवर सरकत नसे.

नव्या पद्धतीला 'रे ट्रेसिंग' म्हणतात. म्हणजे किरणाचा माग काढणें. आपण शाळेंत भोकें पाडलेले तीन पुठ्ठे एका रेषेंत धरून मेणबत्तीची ज्योत पाहिली असेल. प्रकाश सरळ रेषेंत जातो, वाटेंत कांहीं आडवें आलें तर अडतो किंवा परततो, एवढाच तो धडा. संगणक तोच धडा गिरवितो, मात्र उलट्या बाजूनें. दिव्यापासून निघणाऱ्या किरणांपैकीं फारच थोडे आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतात. बाकीच्यांचा हिशेब करणें म्हणजे व्यर्थ शीण. म्हणून संगणक डोळ्यापासून निघतो, पडद्याच्या एकेका ठिपक्यांतून किरण सोडतो, आणि तो कोठें आदळला, तेथून टप्पा खाऊन कोठें गेला, शेवटीं त्याला दिवा सांपडला कीं नाहीं, हें पाहतो. गंमत अशी कीं, डोळ्यांतून तेजाचा किरण निघून पदार्थाला जाऊन भिडतो, असें आपल्याकडील नैयायिकांचें मत होतें. अकराव्या शतकांत इब्न अल-हैथम या अरबी पंडितानें या जातीचें मत खोडून काढलें. आज तीच उलटी वाट हिशेबाच्या सोईसाठीं पुन्हा वापरांत आली आहे!

ही कल्पना कालची नव्हे. १९६८ सालीं आर्थर अ‍ॅपेल यांनीं ती चित्रांच्या छायेसाठीं मांडली; १९८० सालीं टर्नर व्हिटेड यांनीं आरसे व कांच यांतून जाणाऱ्या किरणांपर्यंत ती नेली. अडचण होती ती आंकड्यांची. पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके धरले, तर एकूण २०,७३,६०० होतात. सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं, तर ठिपक्यामागें एकच किरण धरूनही १२ कोटी ४४ लाख १६ हजार किरण लागतात. आणि त्यांतील प्रत्येक किरण टप्पे खात जाणार. २०१८ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें या कामाची खास सोय असलेलीं ग्राफिक्स कार्डें घरगुती ग्राहकांसाठीं आणलीं, तेव्हां हा हिशेब खेळतां खेळतां होऊं लागला. तरीही किरण कमीच पडतात आणि चित्रावर वाळू उधळल्यासारखे ठिपके येतात. मग शेजारचे ठिपके व आधींचीं चित्रें यांची सांगड घालून तें चित्र स्वच्छ करावें लागतें.

आतां हा उजेड जुन्या खेळांत घालावयाचा कसा? याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, खेळाचा मूळ कार्यक्रमच हातीं घेऊन त्याचें चित्र काढणारें अंग नव्यानें लिहिणें. 'क्वेक २' चा मूळ आज्ञासंग्रह २००१ सालींच सर्वांना खुला झाला होता. त्यावरून ख्रिस्टोफ शीड यांनीं २०१९ च्या आरंभीं किरणांचा माग काढणारी आवृत्ति केली, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें एन्व्हिडियानें तिची वाढविलेली आवृत्ति प्रसिद्ध केली. नातवानें मला दाखविली ती हीच.

दुसरा मार्ग हौशी माणसाचा. मूळ कार्यक्रमाला हात न लावतां 'रीशेड' नांवाचें साधन खेळावर बसवावयाचें व त्यांत 'शेडर' घालावयाचा. शेडर म्हणजे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याला रंग कसा द्यावा हें सांगणारा छोटा आज्ञासंच. पास्कल गिल्खर यांनीं २०१९ सालीं केलेला शेडर या कामीं प्रसिद्ध आहे. तो तयार चित्र घेतो, प्रत्येक ठिपका पाहणाऱ्यापासून किती दूर आहे याची नोंद वाचतो, आणि त्यावरून किरण कोठें जातील याचा अदमास करतो. पण पडद्यावर जें दिसत नाहीं तें त्याला ठाऊक नसतें. आपण दिव्याकडे पाठ फिरविली कीं त्याच्या दृष्टीनें दिवाच उरत नाहीं. तिसरा मार्ग या दोहोंच्या मधला. जुना खेळ ग्राफिक्स कार्डाकडे भिंती, खांब वगैरेंचे जे आकार पाठवितो, ते वाटेंतच उचलून त्यांवर नवा उजेड टाकावयाचा. २०२२ च्या डिसेंबरांत 'पोर्टल' या २००७ सालच्या खेळाला अशा रीतीनें नवा उजेड मिळाला.

परंतु, श्रोतेहो, येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. जुन्या खेळांत पुष्कळ ठिकाणीं दिव्यावांचून उजेड असे. रचणाऱ्याला वाटलें कीं खेळणाऱ्याची नजर या दाराकडे जावी, तर तो तेथें अदृश्य उजेड ठेवून देई. खरा प्रकाश घातला कीं हिशेब विचारतो, "दिवा कोठें आहे?" दिवा नसला तर तें दार काळोखांत बुडतें. मग नवा कारागीर एक तर तेथें दिवा टांगतो, नाहीं तर वाट हरवूं देतो. म्हणजे उजेड खरा झाला, तरी तो कोठें असावा हें ठरविणारा माणूस कांहीं टळत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं चित्रकलेचा तासही माझ्याकडे असे. परीक्षेंत एका मुलानें कंदिलाशेजारीं शिवण करीत बसलेल्या आईचें चित्र काढलें. कंदील डाव्या बाजूला, मागें चुन्याची पांढरी भिंत. आणि आईचे दोन्ही गाल उजळ. मीं तीन गुण कापले. "उजेड एका बाजूनें येतो, तर दुसरा गाल उजळ कसा?" असें वर्गांत सर्वांसमक्ष विचारलें. मुलगा खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरीं तसेंच दिसतें. आणि मला आईचा सगळा चेहरा दिसायला हवा होता." वर्ग हंसला, मींही हंसलों.

त्या दिवाळींत नातवानें किरणांचे टप्पे बंद करून दाखविले. प्रत्येक वस्तूची दिव्याकडील बाजू उजळ राहिली व दुसरी एकदम काळी झाली. त्यानें टप्पे पुन्हा सुरू केले, आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड त्या काळ्या बाजूंवर हळूच येऊन बसला. मी तेथल्या तेथें स्तब्ध झालों. चुन्याच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाचा दुसरा गाल उजळतोच! मुलानें पाहिलें तेंच काढलें होतें. मीं पुस्तकांतल्या एका रेषेवर भिस्त ठेवून त्याचे डोळे खोटे ठरविले. आणि समजा, त्याच्या घरीं तसें दिसत नसतें, तरीही आईचा चेहरा पूर्ण दिसावा ही त्याची इच्छा चूक ठरली नसती. तो मुलगा आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. त्याचे तीन गुण परत करण्याचा मार्गही आतां उरला नाहीं.

नातवाला मीं विचारलें, "मग जुना उजेड टाकून द्यावयाचा काय?" तो म्हणाला, "नाहीं, दोन्हीही आहेत. जो पाहिजे तो लावावा." ही व्यवस्था मला फार आवडली. नवा उजेड आपल्याला प्रकाशाचा धर्म शिकवितो; जुना उजेड, तो लावणाऱ्याच्या मनांत काय होतें तें सांगतो. आपल्या घरांतील मुलें असा कांहीं उद्योग करीत बसलीं असतील, तर त्यांना रागावण्यापूर्वीं दोन्ही उजेड दाखवायला सांगावें, आणि त्यांच्याशेजारीं घटकाभर बसून पाहावें. मला उशिरां कां होईना, त्याचा उपयोग झाला.