तिसऱ्या नकारानंतर

सुरतेत माझ्या हाताखाली शिकलेला एक तरुण परवा संगणकातील एक दुरुस्ती तपासावयास घेऊन आला. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात प्रोफाइलिंगची सोय आहे. गाभ्याच्या कोणत्या भागात किती वेळ खर्च होतो, याची ती टिपणे ठेवते. त्यासाठी संगणकाच्या स्मृतीत जागा मागावी लागते. जुन्या रचनेत प्रथम प्रोसेसरांच्या यादीपुरती लहान जागा घेत, मग टिपणांसाठी मोठी. मोठी एका रीतीने न मिळाल्यास दुसऱ्या, नंतर तिसऱ्या रीतीने मागायची. तिन्ही फसल्या तर आधीची लहान जागा परत करायची. ती परत करणे राहून गेले, तर यंत्र बंद करीपर्यंत ती जागा वाया जाते.

पण यंत्र सुरू होताना जागा बहुधा मुबलक असते. नकाराची वाट चाचणीत क्वचितच तुडवली जाते. तपासणाऱ्याला ती डोळ्यांनीच चालावी लागते.

त्या तरुणाची दुरुस्ती अशाच बांधणीची होती. मला त्यातले कळते थोडेच. वह्या तपासण्याच्या सवयीने मी विचारले, ‘‘आणि तिसऱ्यांदाही नकार आला तर?’’

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने एक ओळ वाढवली.